जुने बॉक्सर की आजचे? आधी राउंड किती ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: जो लुई, रॉकी मार्सियानो, शुगर रे रॉबिन्सन, मुहम्मद अली ही मंडळी आजच्या उसिक, फ्युरी, क्रॉफर्ड यांच्यासमोर टिकली असती का? विचारणाऱ्याने पुढे जोडलंय की जुन्या लढतींचे व्हिडिओ बघताना हसू येतं. हात कमरेपाशी, मान वर, आणि दर दहा सेकंदांनी एकमेकांना मिठी. आजचा जिल्हा पातळीवरचा पोरगासुद्धा यांना नाचवेल, मग यांना महान का म्हणायचं?

मी आधी रेल्वेकडून खेळलो आणि नंतर बरीच वर्षं लालबाग-परळच्या बाजूला पोरांना शिकवतोय. प्रत्येक बॅचमध्ये हा वाद एकदा तरी पेटतोच, त्यामुळे माझं उत्तर तयार आहे. हेवीवेटमध्ये आजचे बहुतेक वेळा जिंकतील. लाइटवेटपासून मिडलवेटपर्यंतच्या वजनांत मी जुन्यांच्या बाजूने उभा राहीन. पण दोन्हीकडे निकाल फिरवण्याची ताकद बॉक्सरच्या हातात कमी आणि नियमपुस्तकात जास्त आहे. वाद घालणारे नेमकं तेवढंच ठरवायचं विसरतात.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गावसकर की तेंडुलकर हा वाद निदान सरासरी आणि शतकांवर थोडा तरी टेकतो. बॉक्सिंगमध्ये आकडाच फसवा. मार्सियानोचे ४९-० (४९ विजय, शून्य पराभव), मेवेदरचे ५०-० हे वाचून काहीच कळत नाही. समोर कोण होतं, वजन कधी केलं होतं, ग्लोव्हज किती औंसांचे होते आणि लढत किती राउंडची होती, हे कळलं तर थोडंफार कळतं.

राउंडपासूनच सुरुवात करू, कारण यातून निघणारं गणित मला अजूनही थक्क करतं. १९८२ पर्यंत कित्येक दशकं जागतिक विजेतेपदाची लढत साधारण १५ राउंडची असे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा डुक कू किम चौदाव्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला. मग वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने मर्यादा १२ राउंडवर आणली आणि बाकीच्या संघटना पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेने गेल्या. तीन राउंड म्हणजे नऊ मिनिटं. आता जुन्या लढती काढा आणि बाराव्या राउंडनंतर शेवटची घंटा वाजवून बघा काय होतं.

१९४१, न्यूयॉर्क. जो लुईसमोर बिली कॉन. कॉन मूळचा लाइट हेवीवेट, लुईपेक्षा किमान पंचवीस पौंडांनी हलका. बारा राउंड संपले तेव्हा तीनपैकी दोन गुणकार्डांवर कॉन पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरी होती. आजच्या नियमाने तिथेच लुईचा पट्टा गेला असता. तेराव्यात कॉन नॉकआउट करायला आत शिरला आणि राउंड संपायला दोन सेकंद असताना स्वतःच आडवा झाला. लुईने विजेतेपद तब्बल २५ वेळा राखलं असं आपण अभिमानाने सांगतो. १२ राउंडच्या जगात ती मालिका या रात्रीच तुटली असती.

१९५२ च्या जूनमध्ये यांकी स्टेडियमवर रॉबिन्सन लाइट हेवीवेटच्या पट्ट्यासाठी जोई मॅक्सिमशी लढला. तिन्ही कार्डांवर आरामात पुढे. पण त्या रात्री उकाडा एवढा होता की रेफरी रूबी गोल्डस्टीनलाच अर्ध्यातून बाहेर काढून दुसरा रेफरी आणावा लागला. रॉबिन्सन तेरावा राउंड कसाबसा संपवून कॉर्नरमध्ये आला आणि चौदाव्याला उठलाच नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या हॉलमध्ये स्पॅरिंग (सरावाची लढत) केलेल्या मुंबईच्या पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉल्कॉटने मार्सियानोला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं होतं आणि बारा राउंडनंतर तिन्ही कार्डांवर तोच पुढे होता. तेराव्यात मार्सियानोचा तो प्रसिद्ध उजवा बसला. आणि १९८१ मध्ये टॉमी हर्न्स तीनही जजांच्या मते पुढे असताना शुगर रे लेनर्डने त्याला चौदाव्यात थांबवलं.

म्हणजे बघा, फक्त राउंड कमी केले की लुईच्या जागी कॉन, मार्सियानोच्या जागी वॉल्कॉट, लेनर्डच्या जागी हर्न्स. ४९-० हा आकडाच अस्तित्वात नाही. रॉबिन्सनच्या नावावर तिसऱ्या वजनाचा पट्टा. माणसं तीच, ठोसे तेच. म्हणून कोणी मला 'अमुक विरुद्ध तमुक' असं विचारलं की मी आधी विचारतो, किती राउंड?

याचा अर्थ आजच्या माणसाला १५ राउंड झेपणारच नाहीत असा मात्र काढू नका. तसं म्हणणारे म्हातारे आमच्या रिंगभोवतीही खूप आहेत, आणि ते मला पटत नाहीत. आजचा बॉक्सर बारासाठी तयारी करतो म्हणून त्याचा दम बाराला पुरतो. पंधरा सांगितले तर पंधराची करेल. फरक पडेल तो आखणीत. बारा राउंडच्या लढतीत पहिले सात जिंकून पुढे पळत राहणं जमतं. पंधरात आठ जिंकावे लागतात, आणि पळायलाही सहा मिनिटं जास्त उरलेली असतात. आजचे कितीतरी 'हुशार' बॉक्सर या हिशोबावर जगतात.

आता व्हिडिओंबद्दल. जॅक जॉन्सनच्या काळच्या, म्हणजे १९०८ ते १९१५ च्या फिल्म हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या आहेत. सेकंदाला चित्रं कमी, आणि ती नंतर भरभर चालवली की माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी उडतात. शिवाय एकच कॅमेरा, तोही लांब. पोरांना मी सांगतो, वेग पाऊणपट करा आणि मग बघा. एकदम माणसं दिसायला लागतात. बोलपटाच्या काळापासूनच्या चित्रफितींना ही अडचण नाही, म्हणून शंका असणाऱ्याने थेट १९३८ ची लुई-श्मेलिंग लढत काढावी. सव्वादोन मिनिटंसुद्धा चालली नाही. लुईचे पाय बघा. अर्धं पाऊल, पुन्हा अर्धं पाऊल, कधीच उडी नाही, आणि हात जिथे असतो तिथूनच ठोसा निघतो, मागे खेचून नाही. मी आजवर शिकवलेल्या कुठल्याही पोराला एवढ्या कमी अंतरातून एवढा जोर काढता आलेला नाही. जिल्हा पातळीवरचा पोरगा नाचवेल म्हणणाऱ्याने ही सव्वादोन मिनिटं तीनदा बघावी.

हात खाली का, याचं कारण साधं आहे. तेव्हाचे ग्लोव्हज ६ किंवा ८ औंसांचे, आत घोड्याचे केस. आज हलक्या वजनांना ८ आणि जड वजनांना १० औंस, सरावात १४-१६, आणि आत जाड फोम. मोठ्या ग्लोव्हजमागे दोन्ही हात गालाला लावून उभं राहिलं की दार बंद होतं. लहान ग्लोव्हजमागे तसं उभं राहून बघा, ठोसा फटीतून आत येतो. म्हणून जुने लोक डोकं हलवत, हातानेच समोरचा हात बाजूला सारत, कोपर आणि खांद्यावर ठोसे झेलत, किंवा आर्ची मूरसारखे दोन्ही हात आडवे धरत. पुढचा हात लांब ठेवायचा तो अंतर मोजायला आणि येणारा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अडवायला. हे सगळं आळशीपणासारखं दिसतं, कारण आपल्या डोळ्याला दोन भिंतींसारखे उभे ग्लोव्हज बघायची सवय आहे.

मिठीचंही तसंच. जवळ गेल्यावर जुना बॉक्सर विश्रांती घेत नसे, काम करत असे. कपाळ समोरच्याच्या हनुवटीखाली, एक हात त्याच्या दंडावर, दुसऱ्याने बरगड्यांवर छोटे छोटे ठोसे. आज रेफरी लगेच 'ब्रेक' म्हणतो, म्हणून ही कला कोणी शिकवत नाही आणि शिकतही नाही. आपल्या अमॅच्युअर (हौशी) बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, तर तीन मिनिटांचे तीनच राउंड, जजांना लांबचे स्वच्छ ठोसे दिसले पाहिजेत, त्यामुळे जवळची लढाई पहिली मरते. मी पोरांना आठवड्यातून एकदा फक्त छातीला छाती लावून काम करायला लावतो. पालक विचारतात, सर हे कुस्ती कशाला शिकवताय?

आणि जॉन्सन संथ का दिसतो? १९१५ मध्ये हवानात जेस विलर्डशी त्याची लढत ४५ राउंडची ठरलेली होती, उघड्यावर, भर उन्हात. सव्विसाव्यात तो पडला. पंचेचाळीस राउंड उभं राहायचं असेल तर पहिल्या मिनिटापासून नाचणारा माणूस शूर नव्हे, मूर्ख ठरतो.

वजनाचा भाग सगळ्यात जास्त गैरसमजांचा. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. सकाळी जे वजन तेच जवळपास रात्री रिंगमध्ये. ऐंशीच्या दशकापासून आदल्या दिवशी वजन करण्याची पद्धत रुळली, आणि तेव्हापासून १४७ पौंडांचा बॉक्सर म्हणजे १४७ पौंडांचा माणूस हे समीकरण संपलं. घाम गाळून, पाणी तोडून काट्यावर उभं राहायचं आणि पुढच्या चोवीस तासांत पाणी-मीठ-भात भरून परत फुगायचं. २००० साली न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो गाटी १४१ पौंडांच्या करारावर लढला, आणि लढतीच्या रात्री काट्यावर तो १६० भरला. समोरचा जोई गमाच १४५. दुसऱ्या राउंडमध्ये गमाच पडला, डोक्याला कायमची इजा झाली, कारकीर्द तिथेच संपली. तेव्हा 'रॉबिन्सन विरुद्ध आजचा वेल्टरवेट' (म्हणजे १४७ पौंडांच्या वर्गातला) असं म्हणताना आधी ठरवा, वजन कुठल्या दिवशी? लढतीच्या सकाळी ठेवलं तर आजचे निम्मे बॉक्सर त्या वर्गात दिसणारच नाहीत.

आपल्या पोरांना हे सहज कळतं, कारण अमॅच्युअर स्पर्धेत बाउट असेल त्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. ट्रॅकसूटच्या आत प्लास्टिक गुंडाळून मैदानाला चकरा मारणारी पोरं मला अजून दिसतात. मी हाकलून देतो. त्या बाबतीत आपलं अमॅच्युअर बॉक्सिंग आजच्या प्रोफेशनलपेक्षा १९४० च्या प्रोफेशनलला जवळचं आहे.

हेवीवेटला मात्र वरची मर्यादा नाही, आणि तिथे जुन्यांचं अवघड आहे. मार्सियानो पाच फूट साडेदहा इंच, सुमारे ८५ किलो. आज तो क्रूझरवेट ठरेल, त्याची मर्यादा २०० पौंड म्हणजे ९०.७ किलो. लुई बहुतेक वेळ ९० च्या आसपास. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, आणि डिसेंबर २०२४ ला उसिकविरुद्ध तो २८१ पौंड भरला, म्हणजे १२७ किलो. 'लुईने मोठे लोक पाडले नाहीत का?' असं कोणी म्हणेल. पाडले. १९३५ मध्ये प्रिमो कार्नेरा सहाव्या राउंडमध्ये, १९४२ मध्ये सुमारे २५० पौंडांचा बडी बेअर पहिल्याच राउंडमध्ये. डेम्प्सीने १९१९ मध्ये विलर्डला पहिल्या राउंडमध्ये सात वेळा खाली बसवलं. (तेव्हा पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून, तो उठताच मारायला मुभा होती, हेही लक्षात ठेवा.) पण ते मोठे होते एवढंच. लेनॉक्स लुईस आणि क्लिच्को बंधू आल्यावर पहिल्यांदा साडेसहा फुटांचा माणूस जॅबही नीट मारू लागला, पायही नीट टाकू लागला आणि बारा राउंड दमही टिकवू लागला. उंच माणसाला कौशल्य आलं, हा हेवीवेटमधला खरा बदल. व्यायामशाळा, प्रोटीन वगैरे त्यानंतर.

मग उसिकचं काय? तो क्रूझरवेटमधून वर आलेला. त्या डिसेंबरच्या रात्री फ्युरीपेक्षा जवळपास २५ किलोंनी हलका, आणि दोन्ही लढती त्यानेच जिंकल्या. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण, मग क्रूझरमधले सगळे पट्टे, मग हेवीवेटमधले सगळे पट्टे. माझ्या लेखी जुन्या भक्तांसाठी उसिक हा सगळ्यात मोठा आधार आहे, कारण कोन बदलून आत शिरणारा लहान माणूस मोठ्याला आजही हरवतो हे त्याने दाखवलं. फक्त 'लहान' म्हणताना तोही सहा फूट तीन इंच आणि शंभर किलोंच्या वर आहे.

जुन्यांकडे काय होतं, ज्यासाठी मी मधल्या वजनांत त्यांच्या बाजूने उभा राहतो? लढती. नुसत्या लढती. रॉबिन्सन ऑक्टोबर १९४० मध्ये प्रोफेशनल झाला आणि फेब्रुवारी १९४३ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षांत, ४० लढती जिंकून बसला होता. त्या फेब्रुवारीत त्याने काय केलं बघा. ५ तारखेला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाकडून हरला, कारकिर्दीतला पहिला पराभव. लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे पंधरा पौंडांनी जड. १९ तारखेला जॅकी विल्सनला हरवलं. २६ तारखेला पुन्हा लामोटा, आणि या वेळी जिंकला. तीन आठवड्यांत तीन लढती, त्यातल्या दोन अशा माणसाशी जो पुढे मिडलवेटचा विजेता झाला. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदर, वेल्टर आणि लाइट असे तीन पट्टे एकाच वेळी कमरेला बांधले. तेव्हा पारंपरिक वजनगट होते आठ. आज १७ वजनगट आणि चार मोठ्या संघटना, गुणाकार केला तर ६८ पट्टे. आर्मस्ट्राँगने १९३९ च्या ऑक्टोबर महिन्यात वेल्टरवेटचं विजेतेपद पाच वेळा राखलं. एका महिन्यात. आजच्या विजेत्यांपैकी बरेच जण तेवढ्या लढती अडीच वर्षांत खेळतात.

एवढं लढल्याने काय येतं ते पॅडवर किंवा बॅगवर शिकवता येत नाही. वेगवेगळ्या माणसाची वेगवेगळी खोड ओळखणं. डाव्या हाताचा, मिठी मारणारा, डोकं घालणारा, पळणारा, सगळे भेटून गेलेले असतात. मार बसल्यावर काय करायचं हे डोक्याला नाही, अंगाला माहीत असतं. आजच्या प्रोफेशनलकडे कॅम्प आहे, व्हिडिओ अ‍ॅनालिसिस आहे, समोरच्याची नक्कल करणारा स्पॅरिंग पार्टनर आहे. म्हणजे तो एका माणसाची परीक्षा उत्तम पास होतो. जुना माणूस अभ्यासक्रमाबाहेरचं आलं तरी लिहीत असे.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. युक्रेन, उझबेकिस्तान, क्युबा इथले बॉक्सर प्रोफेशनल होण्याआधी शेकडो अमॅच्युअर बाउट खेळून आलेले असतात. लोमाचेन्कोच्या सुमारे ४०० होत्या आणि त्याने दुसऱ्याच प्रोफेशनल लढतीत जागतिक पट्ट्यासाठी रिंग गाठली. हरला, पण त्यानंतरच्या लढतीतच पट्टा घेतला. त्यामुळे अनुभव संपला असं म्हणता येत नाही, तो तीन राउंडच्या शाळेत गेला आहे. अंतर, वेळ, पाय यांचं शिक्षण तिथे उत्तम होतं. दहाव्या राउंडमध्ये डोळा सुजलेला असताना काय करायचं, हे तिथे येत नाही.

आणि या लढतींची किंमत माणसांनी मोजली. हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरने १९२८ मध्येच बॉक्सरच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांवर लिहिलं होतं. स्वतः रॉबिन्सन अखेरच्या वर्षांत अल्झायमरने ग्रासलेला होता. जुने लोक 'कणखर' होते असं म्हणताना आपण हेही म्हणत असतो की त्यांच्या काळात रेफरी थांबवत नसे आणि डॉक्टर रिंगवर चढत नसे. आज माझ्या पोराला नाकावर एक बसला आणि पाय डगमगले की मी लढत थांबवायला टॉवेल टाकतो, आणि त्याचा बाप मला शिव्या घालतो. घालू दे. तीन आठवड्यांत तीन बाउट मी कुणालाही खेळू देणार नाही, तो रॉबिन्सन निघाला तरी.

जुन्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट भक्तांना ऐकायची नसते. 'जगज्जेता' या बिरुदात तेव्हा जग फार छोटं होतं. १९१५ मध्ये कृष्णवर्णीय विजेता जॉन्सन हरल्यानंतर १९३७ मध्ये लुईला संधी मिळेपर्यंत, बावीस वर्षं, दुसऱ्या एकाही कृष्णवर्णीय हेवीवेटला त्या पट्ट्यासाठी लढू दिलं नाही. डेम्प्सी कृष्णवर्णीय हॅरी विल्सशी कधीच लढला नाही. पुढे अलीच्या काळात सोव्हिएत संघ आणि क्युबाची दारं बंद होती. टिओफिलो स्टीव्हनसनने १९७२, ७६ आणि ८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं घेतली आणि अलीशी त्याची लढत झालीच नाही. आज उसिक, इनोऊये, बेतरबिएव्ह, बिवोल, सगळ्या दिशांनी माणसं येतात. वरच्या दहांची पातळी आज हेवीवेटमध्ये नक्कीच उंच आहे. मधल्या वजनांत मला तसं वाटत नाही, कारण तिथे १९४० च्या अमेरिकेत दर शहरात दर आठवड्याला लढती व्हायच्या आणि त्या गर्दीतून वर येणं हीच मोठी चाळणी होती.

संगणकाला विचारून बघितलं का, असंही कोणी म्हणेल. विचारलं होतं. १९६९ मध्ये अलीवर बंदी होती आणि मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. दोघांना एका स्टुडिओत आणून मिनिटभराचे पुष्कळ राउंड चित्रित केले, वेगवेगळे शेवट केले आणि संगणकाच्या निकालानुसार जोडून जानेवारी १९७० मध्ये थिएटरांत दाखवलं. मार्सियानोने तेराव्यात नॉकआउट. त्याआधीच ऑगस्टमध्ये मार्सियानो विमान अपघातात गेला होता, त्याने शेवट बघितलाच नाही. युरोपात मात्र अली जिंकतो असा शेवट दाखवला. संगणकालाही प्रेक्षक बघून निकाल द्यावा लागला म्हणायचा.

आपल्याकडे हाच वाद हवा सिंग की विजेंदर असा रंगतो. हवा सिंगने १९६६ आणि १९७० अशी लागोपाठ दोन आशियाई सुवर्णं हेवीवेटमध्ये घेतली, सलग अकरा वेळा राष्ट्रीय विजेता राहिला, पण ऑलिंपिक त्याच्या वाट्याला आलं नाही. विजेंदरकडे परदेशी स्पर्धा होत्या, क्युबन प्रशिक्षक बी. आय. फर्नांडिस होते, आणि २००८ मध्ये बीजिंगचं कांस्य आलं. वजनगट वेगळे, गुण मोजण्याची पद्धत वेगळी. विजेंदरच्या वेळी जज बटण दाबत आणि ठोसा मोजला जाई. बरगडीवरचा सुंदर ठोसा बऱ्याचदा मोजलाच जात नसे. हवा सिंगला त्या यंत्रासमोर उभं केलं असतं तर तो वैतागून घरी गेला असता.

तरीही नावं सांगा म्हणाल, तर सांगतो. मार्सियानो विरुद्ध उसिक: उसिक, कुठल्याही नियमाने, मार्सियानोला आत शिरायला जो कोन लागतो तो उसिक देणार नाही. १९६६ चा अली, म्हणजे क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राउंडमध्ये संपवणारा, विरुद्ध फ्युरी: इथे रेफरी बघावा लागेल. फ्युरी मिठीत आपलं वजन समोरच्याच्या मानेवर टाकतो. लगेच सोडवणारा रेफरी असेल तर अली गुणांवर, ढिला असेल तर दहाव्यापर्यंत अलीचे पाय जड होतील आणि फ्युरी जिंकेल. लुई विरुद्ध उसिक ही मला सगळ्यात जास्त बघायला आवडली असती. बारा राउंडची असेल तर उसिक थोड्या गुणांनी. पंधराची असेल तर कॉनचं काय झालं ते आठवा. लुईला तुम्हाला गाठायला एकच क्षण पुरतो आणि उसिक शेवटी शेवटी समोर उभा राहून लढायला लागतो.

राहिले रॉबिन्सन आणि क्रॉफर्ड, १४७ पौंड. क्रॉफर्डला कमी लेखू नका. १३५ पौंडांत पहिला पट्टा घेतलेला माणूस, सप्टेंबर २०२५ मध्ये १६८ पर्यंत चढून कनेलोला हरवतो. डावा किंवा उजवा, कुठलाही हात पुढे ठेवून लढतो आणि मधेच बाजू बदलतो, असा बॉक्सर रॉबिन्सनला रोज भेटलेला नव्हता. आदल्या दिवशी वजन, १० नाही पण ८ औंसांचे आजचे ग्लोव्हज आणि बारा राउंड, तर क्रॉफर्डवर पैसे लावणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. त्याच दिवशी सकाळी वजन, ६ औंसांचे ग्लोव्हज आणि पंधरा राउंड, तर रॉबिन्सन, बाराव्यानंतर कधीतरी, डाव्या हूकने.